पाप पदरी घेणं

प्रश्न, थोडक्यात: "पाळकसाहेब, मी सांगली जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार. लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत आहे. दर रविवारी उपासनेला जातो, सगळ्यांबरोबर पापांगीकार म्हणतो, प्रभुभोजन घेतो. अकरा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर विधवा अक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आली. वारसनोंदीचा कागद आहे असं तिला सांगितलं होतं. गेले दोन हंगाम बाग अवकाळीत गेली. ही शिक्षा आहे का? क्षमा तर कितीदा मागितली, पण मन हलकं होत नाही. मला पाप ओळखता येत नाही, की देवानं क्षमाच केलेली नाही? आणि आशीर्वाद कधी लाभेल?"

सलाम भाऊ.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातली अडीच पानं बागेवर आहेत. छाटणी कोणत्या तारखेला घेतली, फुलोऱ्यात पाऊस कसा गाठला, दावण्या रोगानं घड कसे गेले, औषधांवर किती खर्च झाला. अक्कांवर मात्र दोनच ओळी आहेत, आणि त्या दोन ओळींत तुमचं अक्षर बदललंय. एरवी मोकळं, टपोरं अक्षर. तिथं ते बारीक झालंय, शब्द एकमेकांना चिकटलेत. सांगली-मिरज भागात पाळक म्हणून तीस वर्षं काढल्यावर एवढं कळायला लागलंय की माणूस बोलताना जिथून घाईनं पुढं सरकतो, तिथंच आपण थांबायचं असतं. म्हणून बागेचं नंतर बोलू.

पाप ओळखता येत नाही का, असं तुम्ही विचारलंत. येतं. येत नसतं तर त्या दोन ओळी तुम्ही लिहिल्याच नसत्या. तुमचं अडलंय ते पुढच्या पायरीवर. आपल्या मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात वाक्य आहे: "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तेच म्हणणं' असा आहे, देव ज्या गोष्टीला जे नाव देतो, तेच नाव आपणही द्यायचं. आपल्या भाषांतरकारांनी त्यासाठी पदर आणला, आणि मला तो मुळाहूनही जवळचा वाटतो. संकट पदरी पडतं, नशीब पदरी पडतं. पाप पदरी पडत नाही, ते घ्यावं लागतं. पदर आपल्या हातानं पसरायचा आणि म्हणायचं, हे माझं.

तुम्ही काय लिहिलंय बघा: "सही घेण्यात आली." सरकारी कागदावर असतं तसं. घेण्यात आली म्हणजे कुणी घेतली? "सांगितलं होतं." कुणी सांगितलं? रजिस्टर ऑफिसात अक्कांच्या शेजारी कोण उभं होतं? एदेन बागेत देवानं आदामाला विचारलं तेव्हा तोही असाच बोलला. तू दिलेल्या बाईनं दिलं, मग मी खाल्लं. खाल्लं हे खरंच होतं, पण वाक्याच्या शेवटी, बायकोच्या आणि देवाच्या मागं दडवलेलं.

रविवारच्या पापांगीकाराला मी नावं ठेवत नाही. मी स्वतः तो चालवतो, आणि सगळी मंडळी एका आवाजात तो म्हणते तेव्हा दर वेळी माझं मन भरून येतं. पण तो 'आम्ही'मध्ये असतो. आम्ही विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलं आहे. त्या 'आम्ही'त लपायला भरपूर जागा असते, मलाही असते. म्हणून एक करा. घरात कुणी नसताना, दार लावून, मोठ्यानं म्हणा: "मी माझ्या विधवा बहिणीला खोटं सांगून तिचा वाटा घेतला." मनातल्या मनात नको, कानाला ऐकू जाईल असं. पहिल्यांदा जीभ अडखळेल. अडखळू द्या.

दावीद राजाचं उदाहरण तुम्हाला पाठ असेल, तरी त्यातलं एक नीट बघू. बथशेबेचं प्रकरण झालं, तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढं ठेवून मारवलं, तिला राजवाड्यात आणलं, मूल झालं. एवढं होईपर्यंत किमान नऊ महिने गेले. त्या काळात दावीद काही नास्तिक झाला नव्हता. यज्ञ, प्रार्थना, न्यायनिवाडा सगळं चालू असणार. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला आणि त्यानं आरोप न करता गोष्ट सांगितली: एका गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्याच ताटातलं खाऊन, त्याच्या उराशी निजून वाढलेली, शेजारच्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला. असल्या माणसानं चौपट भरून द्यावं, म्हणाला. दुसऱ्याचं पाप त्याला लख्ख दिसत होतं, न्यायही बरोबर करता येत होता. मग नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." दावीदाच्या तोंडून एकच वाक्य निघालं: "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे." त्यात 'पण' नाही, 'परिस्थिती अशी होती' नाही.

इथं एक पळवाट आहे. ती मी अनेकांना धरताना पाहिली आहे आणि तुमच्या पत्रातही तिचा वास येतो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. मग लोक म्हणतात, देवाविरुद्ध ना, मग देवाशी मिटवलं, माणसांकडं कशाला जायचं? भाऊ, दावीद उरीयाकडं जाऊ शकत नव्हता. उरीया मेला होता. तुमची अक्का जिवंत आहे.

दुसरं स्तोत्र बत्तिसावं. तुम्ही ज्या आशीर्वादाचं विचारता, तो मला तिथं दिसतो. त्याची सुरुवात अशी: "ज्याच्या अपराधाची क्षमा झाली आहे, ज्याच्या पापावर पांघरूण घातले आहे, तो धन्य!" मूळ हिब्रूत पहिल्या दोन कडव्यांत चुकीसाठी तीन वेगळे शब्द येतात. एकाचा अर्थ बंड, दुसऱ्याचा नेम चुकणं, तिसऱ्याचा वाकडेपणा. तुमच्या बाबतीत तिन्ही आहेत. वारशात आपल्या मनाला येईल तसं करायचं, हे देवाच्या आज्ञेविरुद्धचं बंड. भाऊ म्हणून जो नेम होता, तो चुकला. आणि खोटं सांगून सही घेतली, हा वाकडेपणा. तीन शब्दांसमोर क्षमेचीही तीन चित्रं आहेत: ओझं उचलून नेलं, झाकलं, हिशेबात धरलं नाही.

यातलं 'पांघरूण' मराठी माणसाला खटकतं. आपल्याकडे पांघरूण घालणं म्हणजे प्रकरण दडपणं. मग धन्य कसलं? स्तोत्र पुढं वाचलं की उलगडतं. दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यानं सुकावं तसा माझ्यातला रस सुकला. हे त्यानं स्वतः घातलेलं पांघरूण. मग म्हणतो, मी माझी अनीती लपवली नाही, तुला सांगितली, आणि तू क्षमा केलीस. हे देवानं घातलेलं पांघरूण. पाप तेच. आपण झाकलं की आत सडतं, उघडं करून देवापुढं ठेवलं की तो झाकतो, आणि त्यानं झाकलेलं पुन्हा कुणी उकरत नाही.

हरिपूरला हळदीची पेवं होती, तुम्हाला माहीत आहे. जमिनीखाली खोल, माती-गवतानं तोंड बुजवलेली, हळद वर्षानुवर्षं टिकायची. माझ्या तरुणपणी तिथल्या एका म्हाताऱ्या हमालानं मला पेव उघडण्याची रीत सांगितली होती. तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. उघडं ठेवायचं, वारा खेळू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील पेटता राहिला तर माणूस उतरणार. तुमचं पेव अकरा वर्षं बंद आहे. उघडल्यावर पहिल्यांदा जे बाहेर येईल ते वाईटच असेल. लाज वाटेल, धाकटा मुलगा काय म्हणेल ही भीती वाटेल, बायकोचा राग येईल, कदाचित मेलेल्या वडिलांचाही येईल. त्या पहिल्या झोतावरून 'देवानं मला क्षमा केली नाही' असा अर्थ काढू नका. थोडं थांबा. हवा बदलते.

आता माझं सांगतो. फार कमी जणांना सांगितलंय. पाळक होऊन दोनच वर्षं झाली होती. घरात मूल आजारी, पगार उशिरा आला, आणि दानाचे सातशे रुपये माझ्या ताब्यात होते. मी ते वापरले. महिन्याभरात परत ठेवू म्हणालो. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी क्षमेवर तीन उपदेश केले. तिसऱ्या उपदेशानंतर एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "साहेब, आज फार बरं वाटलं." त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीच्या एका वडिलांकडं, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांकडं, गेलो. निवृत्त शिक्षक होते. सगळं सांगितलं आणि पाकीट पुढं केलं. एका मित्राकडून हातउसने आणले होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या साहेब, होतं असं. ते काही बोलले नाहीत. चष्मा लावला, पाकिटातल्या नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून एकेक मोजली. दहाच्या नोटा होत्या बऱ्याच, वेळ लागला. मग कपाटातून पावतीपुस्तक काढलं, पावती केली, कार्बन सरळ केला, सही केली, मला दिली. त्यानंतर उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. मी रडलो. पुढच्या रविवारी त्यांनी मला बत्तिसावं स्तोत्र वाचायला लावलं आणि स्वतः पहिल्या बाकावर बसून ऐकलं. त्यांनी मोजलं नसतं तर मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की त्यांना माझं पाप पुरतं कळलंच नाही, म्हणून त्यांनी माफ केलं. त्यांना पै न पै कळलं होतं. आणि तरी हात डोक्यावर होता.

वधस्तंभाबद्दल मी हेच मानतो. देवानं आपलं पाप मोजलंच नाही असं तिथं झालेलं नाही. मोजलं, पुरतं मोजलं, आणि येशूनं ते स्वतःवर घेतलं. म्हणून क्षमा फुकट मिळते, पण ती स्वस्त नाही.

तेव्हा परतफेडीचं. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे: शेजाऱ्याला फसवून काही घेतलं असेल तर ते पूर्ण परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि मग अर्पण घेऊन यावं. क्रम बघा. येशूनंही डोंगरावरच्या प्रवचनात तोच धरला: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. पण यातून 'जमीन परत दिली की क्षमा मिळेल' असा सौदा करू नका. जक्कय जकातदाराची गोष्ट आठवा. त्यानं निम्मी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देऊ केली, हे खरं. पण ते येशू त्याच्या घरी उतरायला आल्यानंतर. एक पैसाही परत केला नव्हता तेव्हा येशूनं झाडाखाली उभं राहून त्याला नावानं हाक मारली होती. तुम्हालाही हाक आधीच आली आहे. ते पत्र तुम्ही उगीच लिहिलं नाहीत.

व्यवहाराचं थोडं, कारण धर्माच्या गोष्टी बोलून व्यवहार टाळणारी माणसं मी खूप पाहिलीत. आपल्या लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. बापाच्या मागं मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात त्यात भेद नाही. म्हणजे अक्का तुमच्याकडं मेहेरबानी मागत नव्हत्या, तो त्यांचा हक्क होता. आता फेरफार होऊन सातबाऱ्यावरून नाव निघालंय, तर नुसतं 'घे तुझं रान' म्हणून भागणार नाही. नोंदणीकृत दस्तच करावा लागेल. तो बक्षीसपत्राचा की दुसरा कोणता, मुद्रांक किती, हे वकिलाला विचारा, आणि तो वकील अक्कांना स्वतंत्रपणे समजावून सांगेल असं बघा. या वेळी तरी कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नको. अकरा वर्षांच्या उत्पन्नाचाही विचार करा. कर्ज असेल तर तेही लपवू नका.

जाताना बायकोला आधी सांगा. तिला हे बाहेरून कळता कामा नये. अक्कांकडं पंचमंडळी घेऊन जाऊ नका, मलाही नेऊ नका. चार माणसांदेखत बाईला 'नाही' म्हणता येत नाही, आणि तुम्ही आधीच एकदा त्यांना मोकळेपणानं ठरवू दिलं नाहीत. एकटे जा. काय केलं ते सांगा, कारणं सांगू नका. आणि "मला माफ कर" ही मागणी म्हणून टाकू नका. त्यांनी रडावं, बोलावं, दार लावावं, जे करतील ते ऐकून घ्या. क्षमा करायला त्यांना वेळ लागेल, कदाचित वर्षं लागतील. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांनी घाई करायची नाही. त्यांचा तेवढा हक्क आहे.

आता बाग. ही शिक्षा आहे का? 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मदत छावणीत मला हाच प्रश्न लोकांनी विचारला होता, कुणाच्या पापानं हे झालं? मी त्यांना लूकच्या तेराव्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज सांगितला. तो कोसळून अठरा माणसं मेली. येशूनं विचारलं, ती काय इतरांहून जास्त अपराधी होती? आणि स्वतःच सांगितलं, नाही. पण तुम्ही पश्चात्ताप करा. तुमच्या गावात ज्यांनी कुणालाच फसवलं नाही त्यांचेही मणी तडकलेच ना? अवकाळीला सातबारा वाचता येत नाही. उलटंही मी सांगणार नाही: जमीन परत केलीत म्हणून पुढची छाटणी साधेल, दर चांगला मिळेल, असं वचन मी देणार नाही. असं वचन देणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

मग आशीर्वाद कोणता? पहिलं स्तोत्र 'धन्य' म्हणतं ते दुर्जनांच्या वाटेला न जाणाऱ्याला. बत्तिसाव्यात तोच शब्द, तोच हिब्रू शब्द, आला आहे पाप करून माघारी फिरलेल्याला. तुम्ही पहिल्या रांगेतले आता राहिला नाहीत, मीही नाही. दुसऱ्या रांगेत जागा आहे. तिथं काय मिळतं ते मला सातशे रुपयांनंतर कळलं. कुणी मागून हाक मारली की दचकणं थांबलं. प्रार्थनेत एका ठराविक जागी येऊन शब्द अडायचे, ते वाहू लागले. दुसऱ्याच्या चुकीवर पूर्वी जेवढा तावातावानं बोलायचो तेवढा बोलवेना. याला तुम्ही आशीर्वाद म्हणाल का माहीत नाही. मी म्हणतो.

एकच भीती मला तुमच्याबद्दल वाटते. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्यासारख्याला आता काय उपयोग." हे वाक्य खोडून टाका. येशूला धरलं त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी त्याला दगा दिला. यहूदानं पैसे परत नेऊन टाकले, चूक कबूलही केली, पण ज्याचा घात केला त्याच्याकडं न जाता एकटाच अंधारात गेला. पेत्रानं तीनदा नाकारलं, ढसाढसा रडला, आणि तरी बाकीच्यांना धरून राहिला. मग एका सकाळी समुद्राकाठी कोळशाच्या विस्तवाशेजारी येशूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? विस्तवाशेजारीच त्यानं नाकारलं होतं. येशूनं त्याला तशाच विस्तवापाशी परत नेलं, आणि तिथूनच कामाला लावलं.

या महिन्यात आमच्याकडं प्रभुभोजन आहे. तोवर अक्कांकडं जाऊन आलात तर घ्या. नाही जमलं तर त्या रविवारी मागं बसा, घेऊ नका, पण या. आणि जायच्या आदल्या दिवशी मला कळवा. तुम्ही तिथं असाल तेवढा वेळ मी दुसरं काही काम ठेवणार नाही, गुडघ्यावर असेन.